ठिपक्याची साक्ष

ही अफवा पहिल्यांदा कुजबुजली शिंप्याच्या बायकोने. नळावर, भरलेली बादली खाली ठेवून. ती बादली हातात धरून बोलली तर किरकोळ बातमी, खाली ठेवून बोलली तर ऐवज.

"चिमटीताईनं भावाला मारलं," ती म्हणाली. "परसात पुरलं. आणि वर खुराडं बांधलं. उगाच का अंडी हिरवी येतात?"

आता अंडी आधीपासूनच हिरवी होती. भाऊ गल्लीत धडधाकट फिरत होता, लोकांच्या दाढ्या करत होता, तेव्हाही हिरवीच होती. पण अफवेला तारीख-वार कोण विचारतो? दुपारपर्यंत ती गल्लीच्या त्या टोकाला पोचली आणि तिथून परत आली तेव्हा तिच्यासोबत एक कुऱ्हाड होती. संध्याकाळी कुऱ्हाडीला रक्त लागलं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं की कुऱ्हाड त्याच्याकडूनच उसनी नेलेली आहे. त्याच्याकडे कुऱ्हाड कधीच नव्हती, पण माणसाला गोष्टीत थोडी जागा हवी असते.

चिमटीताई ही बाई होती कशी, ते आधी पाहू.

बुटकी, रुंद खांद्यांची, केस मागे घट्ट ओढून बांधलेले. लग्न केलं नाही. का केलं नाही, यावर गल्लीत चार मतं होती आणि चारही चुकीची. तिने सव्वीस वर्षं एका हॅचरीत काढली. हॅचरी म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचा कारखाना. तिचं काम एकच. अंड्यातून आदल्या दिवशी निघालेलं पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, शेपटीखाली हलकेच दाबायचं, बोटाने उघडून दिव्याखाली बघायचं. आत टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा दिसला तर नर, नसला तर मादी. मादी डावीकडच्या खोक्यात, नर उजवीकडच्या. की पुढचं पिल्लू. एका तासात हजारावर. तिच्या अंगठ्याची आणि तर्जनीची ती चिमूट बघायला मालक पाहुण्यांना घेऊन यायचा. नाव पडलं ते तिथूनच.

डावीकडचं खोकं विकायला जायचं. उजवीकडचं खोकं एका हिरव्या दाराआड जायचं आणि रिकामं परत यायचं. अंडी न देणाऱ्याला दाणा कोण घालणार? माणसांत मुलगा झाला की पेढ्यांची भाषा आणि कोंबड्यांत मुलगा झाला की दाराआड, असा हा उलटा न्याय. त्या दारामागे काय आहे हे ताईने सव्वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं असं नव्हे. तोंड तिचं चांगलंच होतं. पण तिने मनाशी एक हिशेब बसवून घेतला होता, आणि तो तिने एकदाच, सोबतच्या नव्या मुलीला, जेवणाच्या सुट्टीत सांगितला होता.

"रडतेस काय?" ती म्हणाली होती. "तू मारत नाहीस. तू ओळखतेस. बरोबर ओळखलंस तर ते काम. चुकून मादी उजवीकडे टाकलीस, तर मात्र ती तू मारलीस. म्हणून चुकायचं नाही."

"आणि ताई, तुम्ही कधीच चुकला नाहीत?"

"नाही."

हे खरं होतं का? हॅचरीत शंभरात एखादं चुकतंच, असं बाकीचे म्हणायचे. पण उजव्या खोक्यातलं पिल्लू तपासायला परत कोण आणतंय! ताईची मात्र खात्री होती. तिची झोप त्या खात्रीवर उभी होती. खाट चार पायांवर उभी असते, ताईची एका.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. बोटांची टोकंही बधिर होऊ लागली. सुई टोचली तरी उशिरा कळायची. मालकाने हातात एक घड्याळ ठेवलं आणि घरी पाठवलं.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे परस, परसाला बाईच्या डोक्याएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे शिंप्याची बायको. घरात दुसरा माणूस म्हणजे धाकटा भाऊ. तो न्हावी. चौकातल्या दुकानात त्याची एक खुर्ची. पन्नाशी ओलांडली तरी केस काळेभोर, कारण दर रविवारी सकाळी तो वाटीत कलप कालवायचा आणि आरशासमोर बसून भांगाच्या रेघेपासून कल्ल्यांपर्यंत ब्रश फिरवायचा. गल्ली त्याला कलपभाऊ म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि तो खूशही व्हायचा. स्वभावाने लोण्याहून मऊ. खोटं बोलायचा, पण दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून. टकल्या गिऱ्हाइकाला "मागून दाट आहेत हो" म्हणणारा माणूस.

रिकामं बसणं ताईला जमेना. तिने जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. हॅचरीत लस टोचायला यायचा तो, ओळखीचा.

"डॉक्टर, मला पिल्लं काढायचीत. पण आता दिसत नाही, बोटाला कळत नाही. चुकायचं तर नाहीच. काय करू?"

डॉक्टरने तिला जी युक्ती सांगितली ती पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ, म्हणून नीट ऐका, अवघड नाही. कोंबडा घ्यायचा निखळ काळा. कोंबड्या घ्यायच्या पट्टेरी, अंगभर राखाडी-पांढऱ्या आडव्या रेघा असलेल्या. आईचा पट्टा फक्त मुलग्यांकडे जातो, मुलींकडे जात नाही. अंड्यातून निघताना पिल्लं सगळी काळीच, पण मुलग्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. ठिपका दिसला की नर. कोरं काळं डोकं, की मादी. दाबायला नको, उघडायला नको. आंधळ्यालाही जवळजवळ दिसेल.

"आणि कोंबडा मी देतो तो घ्या," डॉक्टर म्हणाला. "याच्या आईची अंडी निळी होती. तुमच्या पट्टेरी कोंबड्यांची तपकिरी. निळ्यावर तपकिरी चढलं की काय होईल?"

"काय होईल?"

"मुली हिरवी अंडी देतील. गल्ली तोंडात बोटं घालेल. फक्त एक पथ्य. बाप कायम काळाच. पट्टेरी मुलाला बापाच्या जागी बसवायचं नाही. बसवलात तर ठिपका मुलींच्याही डोक्यावर येईल, आणि मग तो ठिपका खोटी साक्ष देईल."

ताईने मान हलवली. पथ्य तिच्या मनावर कोरलं गेलं. घरी येऊन तिने ते कुणालाच सांगितलं नाही. हातात कसब असलेल्या माणसांना ही एक खोड असते, गुपित पोटात ठेवायची. भावालाही नाही. त्याने विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, "तू कात्री चालव."

काळा कोंबडा आला. कुळकुळीत काळा, चालताना छाती पुढे, मान वाकडी करून समोरच्याची उलटतपासणी करणारा. भावाने त्याचं नाव ठेवलं वकील. आठ पट्टेरी कोंबड्या आल्या. ताईच्या खाटेशेजारी लाकडी खोक्याची उबवणी पेटी आली; आत दोन बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर. एकविसाव्या दिवशी अंडी तडकायला लागली आणि ताई गुडघ्यांवर बसून, नाक पेटीला लावून, ठिपके बघू लागली. पहिल्या वेळी तिने ठिपक्यावर विश्वास ठेवला नाही. शेजारच्या शाळकरी मुलीचे डोळे उसने घेऊन, तिला दाखवून दाखवून, प्रत्येक पिल्लू बोटाने उघडून पाहिलं. ठिपका एकदाही चुकला नाही. मग तिने बोटांना सुट्टी दिली.

कोऱ्या डोक्याची पिल्लं वाढली, काळ्या तलंगा झाल्या, अंडी घालू लागल्या. हिरवी, शेवाळावर दूध सांडल्यासारखी. गल्लीत मागणी वाढली. बेकरीवाला तेवढा म्हणाला, "केक हिरवा झाला तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू?" ताई म्हणाली, "तुझ्या केकला रंगाची काळजी? आधी त्यात अंडं घालायला शीक."

आणि ठिपकेवाली पिल्लं?

तीच तर गोष्ट. घरात हिरवं दार नव्हतं. उजवं खोकं उचलून न्यायला माणूस नव्हता. परसात लिंबाच्या झाडाखाली पाट टाकून ताई बसायची, समोर बादली ठेवायची, आणि ज्या चिमटीने सव्वीस वर्षं ओळखलं त्याच चिमटीने मानेचा मणका सरकवायची. एक टिचकी. पिल्लाला कळायच्या आत. मग वर्तमानपत्रात गुंडाळून झाडाखाली खड्डा. कचराकुंडीत एकही टाकलं नाही. त्या दिवशी ती दुपारचं जेवत नसे आणि भाऊ दुकानातून उशिरा येई. पण झोप लागायची. कारण ठिपका चुकत नव्हता.

एकदा, एकदाच, भावाने एक ठिपकेवाला मागून घेतला.

"ताई, एक दे ना. दुकानापुढे बांधतो. गिऱ्हाइकाला करमणूक."

"कसली करमणूक? तुझ्या गप्पा पुरत नाहीत?"

"दे ग. नाव ज्युनिअर ठेवतो. वकिलाचा ज्युनिअर."

ताईला हसू आलं, आणि ते फारसं येत नसे. "ने. पण परसात आणायचा नाही. माझ्या कोंबड्यांत सोडलास तर याद राख."

का, ते सांगितलं नाही. भावाला वाटलं, बाप-लेक भांडतील म्हणून. ज्युनिअर मोठा झाला, अंगभर पट्टे आले, दुकानाच्या पायरीवर बसून आरवू लागला.

मग ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्या काळी मोतीबिंदू काढला की आठवडाभर दवाखान्यात उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. जाताना तिने भावाला खुराड्याची कडी तीनदा लावून दाखवली. "खाली दाबायची, मग फिरवायची. नुसती फिरवलीस तर लागत नाही."

चौथ्या दिवशी भावाने नुसती फिरवली.

सकाळी तो परसात गेला तेव्हा कोंबड्या छपरावर चढून बसल्या होत्या आणि वकील दाराशी होता, अर्धा. मुंगसाने नुसता गळा फोडून समाधान मानलं नव्हतं. भावाने आता कडी खाली दाबून फिरवली. त्याला मुंगूस दिसेना, कोंबडा दिसेना, ताईचा चेहरा दिसत होता. घाबरलेला माणूस घाईत जे शहाणपण करतो त्याला तोड नसते. वकिलाला त्याने दूर नेऊन पुरलं. दुपारी दुकानातून ज्युनिअर आणला. रविवार नव्हता, तरी वाटी काढली, कलप कालवला, आणि खुर्चीवर कपडा टाकून कोंबड्याला मांडीत धरून पिसामागून पीस काळं केलं. दोन तास. आयुष्यात इतकं सुबक काम त्याने कुणा माणसाच्या डोक्यावर केलं नव्हतं. पिवळ्या पायांना बुटाचं पॉलिश चोळलं. मग लांबून बघितलं. वकीलच!

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात. ते याने रंगवून ठेवलं.

ताई परत आली, डोळ्यांवर काळा चष्मा. दोन महिने खरा चष्मा मिळणार नव्हता. तोवर उजेड, सावली आणि ठळक रंग एवढंच. पहिला प्रश्न: "वकील कसा आहे?"

"मजेत. पण ताई... ज्युनिअर गेला. मुंगसानं नेला. दुकानापुढून."

ताईने काळा चष्मा सारखा केला. मग म्हणाली, "जाऊ दे. वकील वाचला ना."

भावाला त्या क्षणी सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण ताईने चाचपडत त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तू घर नीट सांभाळलंस रे." झालं. असल्या वाक्यानंतर कुणाला खरं बोलता आलंय?

"याचा आवाज का असा फाटलाय?" ताईने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"सर्दी झालीय त्याला."

"आणि हाक मारली तर येत नाही."

"तुझ्यावर रुसलाय. आठवडाभर टाकून गेलीस."

यावरही तिने विश्वास ठेवला. पुढे दर रविवारी भावाचा आणि कोंबड्याचा कलप एकाच वाटीतून होऊ लागला. तेवढा वेळ ताई आतल्या खोलीत डोळ्यांत औषध घालून पडलेली असायची. घरात कलपाचा वास रविवारचाच होता, नवं काही नव्हतं.

पहिली खेप ठीक निघाली. चौतीस पिल्लं, निम्मी ठिपक्याची, निम्मी कोरी. कारण मेलेल्या कोंबड्याचा अंश कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतो. वकील मरूनही एक तारीख सांभाळून गेला.

दुसरी खेप आली. अडतीस पिल्लं. ताई पेटीपाशी बसून एक एक उचलू लागली. ठिपका, ठिपका, कोरं, ठिपका, ठिपका. शेवटी ठिपक्याची अठ्ठावीस, कोरी दहा. तिचा हात थांबला. निम्मं-निम्मं हे तिने सव्वीस वर्षं बोटांनी मोजलेलं सत्य होतं. पण हजारांत निम्मं-निम्मं होतं. अडतिसांत दैव थोडं इकडेतिकडे करतं, हेही तिला माहीत होतं. "या वेळी मुलग्यांचं पीक," ती भावाला म्हणाली. तो म्हणाला, "असतं कधी कधी." त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. ताईने बादली घेतली आणि परसात गेली. अठ्ठावीस. त्या दिवशी चिमूट दुखली.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी खरा चष्मा आला. जाड भिंगांचा, पण सगळं दाखवणारा. ताईने भिंतीवरचा ओलावा पाहिला, स्वतःचे हात पाहिले, भावाच्या कल्ल्याखाली पांढरी खुंटं पाहिली आणि म्हणाली, "म्हातारा झालास की रे." तो पळालाच दुकानात.

सकाळी छत्तीस पिल्लं निघाली. नऊ कोरी, सत्तावीस ठिपक्याची. पुन्हा. ताईला बरं वाटेना, पण डॉक्टरचा शब्द होता आणि बाप परसात काळा फिरत होता. ती लिंबाखाली बसली. सवयीच्या कामात माणूस डोळे वापरत नाही. नवा चष्मा नाकावर असून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. सव्वीस टिचक्या झाल्या. सत्ताविसावं पिल्लू हातात आलं, त्याने तिच्या अंगठ्यावर चोच मारली, आणि तिने खाली बघितलं.

ठिपका होता. पण लहान. टाचणीच्या माथ्याएवढा, कडा स्वच्छ. नरांचा ठिपका पसरट असतो, सांडल्यासारखा. ताईने पिल्लू मुठीत फिरवलं, उन्हाकडे धरलं आणि कित्येक महिन्यांनी जुन्या पद्धतीने शेपटीखाली दाबून उघडलं.

उंचवटा नव्हता.

तिने पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. पिल्लू चिवचिवत होतं. तिने ते पदरात ठेवलं आणि बादली पाटावर उपडी केली. सव्वीस पिल्लं, अजून ऊब असलेली. तिने एक उचललं, उघडलं. नर. दुसरं. नर. तिसरं. मादी. तिने तशा दोन ओळी लावल्या, डावीकडे आणि उजवीकडे, हॅचरीत लावायची तशा. काम संपलं तेव्हा डावीकडे नऊ होती.

भिंतीपलीकडून शिंप्याच्या बायकोने हाक मारली, "ताई, अंडी आहेत का हो?" उत्तर आलं नाही. तिने टाचा उंचावून पाहिलं: ताई जमिनीवर बसलेली, समोर काहीतरी मांडलेलं. तिला वाटलं, वाल निवडतेय.

ताई उठली आणि कोंबड्याकडे गेली. त्याला काखेत दाबलं, मानेची पिसं उलटी फुंकली. वरून काळी. मुळाशी, कातडीलगत, नवीन फुटलेली पिसं होती. पांढरी रेघ, राखाडी रेघ, पांढरी रेघ. बोट ओलं करून पाय घासला. बोट काळं झालं, पाय पिवळा.

भाऊ दुपारी जेवायला आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. चूल थंड.

"ताई, बरं नाही का?"

"वकील कधी मेला?"

त्याने पिशवी खाली ठेवली. नंतर पुन्हा उचलली. "तू दवाखान्यात होतीस. चौथ्या दिवशी. कडी..."

"नुसती फिरवलीस."

"हो."

"आणि हा ज्युनिअर."

"तुला वाईट वाटू नये म्हणून ग. डोळ्यांत टाके होते तुझ्या, डॉक्टर म्हणाले होते रडायचं नाही. मी म्हटलं, मुलगा बापावरच जाणार. काळा दिसला म्हणजे झालं! मला काय कळतं पिल्लांतलं? तू कधी सांगितलंस?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच जिव्हारी लागलं. ताईने मान हलवली. "नाही सांगितलं."

"मग?"

"ये इकडे." तिने त्याला परसात नेलं आणि पाटावरच्या दोन ओळी दाखवल्या. डावीकडच्या नऊंवर बोट ठेवलं. "या माद्या. मी मारल्या. मागच्या खेपेला अठ्ठावीस होती, त्यांत किती, ते माहीत नाही."

भाऊ बघत राहिला. त्याला तिचं दुःख कळत होतं, पण त्याचं माप कळत नव्हतं. त्याला तिचा हात धरायचा होता. त्याने धरलाही, आणि नेहमीसारखं समोरच्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलला.

"ताई, अग कोंबडीची पिल्लं ती. तू आयुष्यात किती..."

तो थांबला. पण पुढचा शब्द दोघांनाही ऐकू आला होता.

ताईने हात सोडवून घेतला. आवाज चढवला नाही. "किती? सांग ना. तासाला हजार, सव्वीस वर्षं. मी म्हणत होते मी नुसती ओळखते. आजपर्यंत म्हणत होते." ती लिंबाच्या बुंध्याला टेकली. "तू जा. तुझ्यावर राग नाही. पण तू समोर असलास की मला तेवढंच दिसेल."

"कुठे जाऊ?"

"खुर्ची कुठेही मांडता येते तुला."

तो त्याच दुपारी गेला. वस्तऱ्याची पेटी, दोन शर्ट. कलपाची वाटी मोरीत तशीच राहिली. निरोप कुणाला दिला नाही, कारण गल्लीला काय सांगायचं हे त्याला सुचेना. ज्याला कायम काहीतरी सुचायचं, त्याला. भरदुपारी गल्ली झोपलेली होती. कुणी पाहिलं नाही. अफवेला एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याच्या बायकोने मात्र पाहिलं. ताई लिंबाखाली खणत होती. आधी मागच्या खेपेचा खड्डा. त्यातून तिने कागदाचं गाठोडं काढलं, उन्हात उलगडलं आणि वाकून बघत बसली. अठ्ठावीस पिल्लांचं एका महिन्यात जे होतं ते झालेलं होतं. पिसं होती, बारीक हाडं होती. ओळखायला काही नव्हतं. तरी ती तासभर बसली. एकेक वेगळं करत, डावीकडे ठेवू की उजवीकडे, असा हात मध्येच धरून. मग तिने नवा खड्डा खणला, खोल आणि लांब, कारण सगळ्यांना ओळीने ठेवायचं होतं, ढीग करायचा नव्हता. भिंतीपलीकडून खड्ड्याची लांबी दिसली. खड्ड्यात काय गेलं ते दिसलं नाही. चार दिवसांनी गवंडी आला, वर फरशी घातली आणि खुराडं उचलून त्यावर बांधलं, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

पुढचं नळावर सुरू झालं, ते आपण पाहिलंच.

एक हवालदार आला होता चौकशीला. "भाऊ कुठाय?"

"गेला."

"कुठे?"

"सांगून गेला नाही."

"आणि खुराड्याखाली काय आहे?"

"पिल्लं."

हवालदाराने वहीत ते लिहिलं, चहा प्याला, सहा हिरवी अंडी रुमालात बांधून घेतली आणि फरशी उकरायचा विचार अंड्यांबरोबरच घरी नेला.

ताईने अफवा कधी खोडली नाही. बेकरीवाल्याने एकदा थट्टेत विचारलं, "ताई, कुऱ्हाड परत देता का आमची?" ती म्हणाली, "अजून काम आहे तिचं." तो महिनाभर तिच्या दारावरून गेला नाही. बाया तिच्याशी गोड बोलू लागल्या, भीतीने. शेजारची शाळकरी मुलगी यायची बंद झाली. तिला आईने बंद केलं. उबवणी पेटी ताईने डॉक्टरला देऊन टाकली. काळ्या कोंबड्या म्हाताऱ्या होईस्तोवर हिरवी अंडी देत राहिल्या. ज्युनिअरचा कलप पिसांबरोबर गळून गेला आणि तो पट्टेरीच फिरला, कुणी त्याला काही केलं नाही. सत्ताविसावं पिल्लू मोठं झालं. पट्टेरी कोंबडी निघाली, तपकिरी अंडी देणारी. ती ताईच्या खाटेखाली झोपायची. ताई मात्र जागी असायची. शिंप्याची बायको म्हणायची, पापाला झोप नसते. बाकी तिचं सगळं चुकलं, हे एक वाक्य कुणाकडून तरी उसनं घेतलं असावं.

सहा वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं. ताई सकाळच्या गाडीने गेली आणि संध्याकाळी परतली. परगावच्या त्या दुकानाच्या मालकाने तिच्या हातात वस्तऱ्याची पेटी दिली होती. "शेवटी शेवटी कलप लावायचे नाहीत," तो म्हणाला होता. "विचारलं तर म्हणायचे, मला रंगाची ॲलर्जी आहे." पेटी तिने फडताळात ठेवली. गल्लीला काही सांगितलं नाही. गल्लीने अफवेत आणखी एक ओळ घातली, की खुनाचं हत्यार परत आलं.

खरं एवढंच आहे. भावाला कुणी मारलं नाही. तो परगावी सहा वर्षं लोकांच्या दाढ्या करत होता आणि तिथेच छातीत दुखून गेला. अंडी हिरवी होती कारण कोंबड्याच्या आईची अंडी निळी होती आणि कोंबड्यांची तपकिरी. खुराड्याखाली चौपन्न पिल्लं आहेत. त्यांतल्या नऊ माद्या होत्या, हे ताईला नक्की माहीत होतं. उरलेल्यांत किती होत्या, ते तिला कळलं नाही.